लवचीक वेबसाइट घडवायला काय काय यावं लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, फिग्मा (डिझाइन काढायचं साधन) येतं, बूटस्ट्रॅप (पानाच्या रचनेचे तयार नियम) येतं. प्रोजेक्ट म्हणून शेतमालाच्या बाजारभावाची वेबसाइट केली. लॅपटॉपवर ती छान दिसते, पण फोनवर तक्ता उजवीकडे बाहेर जातो आणि टॅबलेटवर मेनू दोन ओळींत तुटतो. प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळं डिझाइन करत बसायचं का? आणि चांगला वेब डिझायनर व्हायला नेमकी कोणती कौशल्यं लागतात?

वेगळं डिझाइन करत बसू नका, ते काम कधीच संपणार नाही. फोनच्या रुंदीच कितीतरी तऱ्हेच्या आहेत. टॅबलेट कधी उभा धरतात, कधी आडवा. घडीचे फोन आलेत. लॅपटॉपवर माणसं दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावून काम करतात, आणि नजर कमी झालेला माणूस तीच साइट दुप्पट मोठी करून वाचतो. तुम्ही फिग्मात ३७५ आणि १४४० रुंदीच्या दोन चौकटी काढल्यात. मधल्या हजारभर पिक्सेलमध्ये पान कसं वागेल, हे तुम्ही कुणालाच सांगितलेलं नाही. तुमचा मेनू तुटतो तो नेमका तिथे.

वेब डिझायनरने ठरवायचं असतं ते पानाचं वागणं. जागा कमी पडली तर आधी काय आकसेल, काय खाली जाईल, काय कुठल्याही परिस्थितीत जागचं हलणार नाही. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतात, म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतून जगापुढे आणलेली पहिली वेबसाइट आजही उघडता येते. कॉम्प्युटरवर ती उघडा आणि ब्राउझरची खिडकी अरुंद करत जा. ओळी आपोआप मोडतात आणि मजकूर खाली वाढत जातो. हे जमावं म्हणून कुणी खास काही लिहिलेलं नाही, एचटीएमएलचा, म्हणजे पान लिहायच्या भाषेचा, स्वभावच तसा आहे. ताठरपणा नंतर आपण आणला. छापील पानाची सवय असलेल्यांना प्रत्येक गोष्ट ठरलेल्या जागी हवी होती. १०२४ पिक्सेल रुंदीचे मॉनिटर सगळीकडे झाले, तेव्हा ९६० पिक्सेलचं पान हा जवळपास शिरस्ताच पडला. मग २००७ मध्ये आयफोन आला. असली रुंद पानं लहान स्क्रीनवर मावावीत म्हणून त्याचा ब्राउझर पानाची रुंदी ९८० पिक्सेल धरायचा आणि सगळं आकसून दाखवायचा. फोनवरचे ब्राउझर आजही असंच काहीतरी करतात, आणि म्हणूनच पानाच्या हेडमध्ये (कोडच्या वरच्या, न दिसणाऱ्या भागात) व्ह्यूपोर्टची, म्हणजे दिसणाऱ्या भागाची रुंदी सांगणारी, ओळ घालावी लागते. तुमच्या साइटवर ती आहे का, हे आधी बघा. ती नसेल तर मी पुढे सांगतो त्याचा काही उपयोग होणार नाही. आणि त्याच ओळीत झूम बंद करणारी सूचना कुठून तरी कॉपी होऊन आली असेल, तर ती काढून टाका. वाचणाऱ्याचा तो हक्क आपण काढून घ्यायचा नसतो.

मे २०१० मध्ये इथन मार्कोट यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या ऑनलाइन मासिकात एक लेख लिहून ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव रूढ केलं. त्यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या होत्या: टक्क्यांत मोजलेली ग्रिड (रकान्यांची आखणी), आपल्या चौकटीत मावणारी चित्रं आणि मीडिया क्वेरी. शिकणारे बहुतेक जण तिसऱ्या गोष्टीलाच धरून बसतात, कारण ती दिसायला सोपी आहे: अमुक रुंदीला हे करा, तमुक रुंदीला ते करा. २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांमध्ये सीएसएसची (पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भाषेची) स्वतःची ग्रिड आली आणि मीडिया क्वेरीची निम्मी गरज संपली. समजा, प्रत्येक पिकाचं एक कार्ड आहे. ग्रिडला एवढंच सांगायचं की कार्डाची रुंदी किमान १६ रेम (पानाच्या मूळ अक्षराच्या आकारावर चालणारं एकक) ठेव, आणि जास्तीची जागा सगळ्यांना सारखी वाटून दे. रिपीट, ऑटो-फिट आणि मिनमॅक्स या तिघांची मिळून ही एक ओळ होते. फोनवर एक रकाना, टॅबलेटवर दोन-तीन, मोठ्या स्क्रीनवर चार-पाच, हे ब्राउझर स्वतः ठरवतो. अक्षराच्या आकारासाठी क्लॅम्प वापरा. किमान किती, कमाल किती आणि मधे कोणत्या गतीने वाढायचं, एवढं त्याला सांगितलं की झालं. मात्र मधली किंमत नुसत्या व्ह्यूपोर्टच्या टक्केवारीत देऊ नका, तिच्यात रेमचा भाग मिसळा. नाहीतर झूम केल्यावर अक्षर हवं तितकं वाढत नाही.

मीडिया क्वेरी अजूनही लागतात, पण त्यांची जागा बाजारातल्या फोनवरून ठरवू नका. खिडकी हळूहळू अरुंद करा. तुमचा मेनू जिथे अवघडायला लागतो, तिथे तुमचा ब्रेकपॉइंट, म्हणजे रचना बदलायची रुंदी. तो ७६८ पिक्सेल असेलच असं नाही, बहुधा नसतोच. आणि तो एममध्ये (अक्षराच्या आकारावर चालणाऱ्या एककात) लिहा, म्हणजे कुणी ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करून ठेवलं असेल तर मेनू त्या मानाने आधीच बदलेल. २०२२-२३ मध्ये कंटेनर क्वेरीही सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आल्या. त्यामुळे पिकाचं कार्ड स्क्रीनच्या रुंदीऐवजी स्वतःला मिळालेल्या जागेकडे बघून वागू शकतं. तेच कार्ड मुख्य भागात ऐसपैस आणि बाजूच्या पट्टीत आटोपशीर, असं एकाच नियमात बसतं.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती कुठल्याच अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत. फ्लेक्सबॉक्समधला (घटक ओळीत मांडायच्या सीएसएसच्या पद्धतीतला) घटक आपल्यातल्या सगळ्यात लांब न तुटणाऱ्या शब्दापेक्षा अरुंद व्हायला तयार नसतो. त्याची किमान रुंदी मुळात ‘ऑटो’ असते. एखादा लांबलचक ईमेल पत्ता किंवा लिंक आली की सगळं पान आडवं सरकायला लागतं आणि माणूस तासभर भलतीकडेच चूक शोधत बसतो. त्या घटकाला किमान रुंदी शून्य द्या, ओव्हरफ्लो-रॅपला (लांब शब्द मोडायच्या नियमाला) ‘एनीव्हेअर’ सांगा, प्रश्न सुटतो.

आता तुमचा तक्ता.

बाजार समितीच्या भावांचा तक्ता आपल्याकडे ठरलेल्या रकान्यांचा असतो: शेतमाल, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. सात रकाने आहेत आणि ३६० पिक्सेलमध्ये ते सात मावणार नाहीत. इथे बहुतेक जण सीएसएसमध्ये उत्तर शोधायला जातात. आधी एक प्रश्न विचारा: हा तक्ता कोण, कशासाठी बघतोय? लासलगावला कांदा न्यावा की पिंपळगाव बसवंतला, हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याला एकाच मालाचे वेगवेगळ्या बाजारांतले दर शेजारी हवे असतात. त्याची नजर आधी सर्वसाधारण दरावर जाते, मग कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांच्यातल्या अंतरावर, मग आवकेवर. ‘क्विंटल’ हा शब्द प्रत्येक ओळीत परत परत लिहून त्याला काही नवीन कळत नाही, तो एकदा वर लिहिला की पुरतो. ‘कांदा’ हेही मथळ्यात गेलं की प्रत्येक ओळीतून जातं. एवढ्या विचारातच सातातले दोन रकाने गळाले, सीएसएसची एक ओळही न लिहिता.

आता प्रत्येक ओळ एकेका बाजाराची झाली, तेव्हा बाजाराचं नाव आणि सर्वसाधारण दर हे दोन फोनवर पहिल्या ओळीत ठेवा, दर उजवीकडे आणि ठळक. कमीत कमी–जास्तीत जास्त आणि आवक त्याखाली लहान अक्षरात. जागा वाढली की तेच आकडे आपापल्या रकान्यात जातील. व्यापाऱ्याला किंवा अभ्यास करणाऱ्याला सगळे रकाने एकत्रच हवे असतील, तर फोनवरही पूर्ण तक्ता ठेवायला हरकत नाही. फक्त आडवं सरकणं तक्त्याच्या चौकटीपुरतं ठेवा, सगळ्या पानाचं नको. पहिला रकाना जागेवर चिकटवून ठेवा, म्हणजे उजवीकडे गेल्यावरही आपण कुठल्या बाजाराच्या ओळीत आहोत ते दिसत राहतं. ती चौकट कीबोर्डनेही सरकवता यायला हवी, म्हणून तिला टॅबचा थांबा आणि नाव द्या. प्रवेशसुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये (२०१८), मजकूर ३२० पिक्सेल रुंदीत आडवा न सरकवता वाचता यावा अशी अट आहे. आकड्यांच्या तक्त्यांना मात्र त्यातून सूट आहे, कारण ओळ आणि रकाना मिळूनच आकड्याला अर्थ येतो.

तो अर्थ कोडमध्येही जपावा लागतो. फोनसाठी तक्त्याचं रूप बदलायला अनेक जण टेबलच्या ओळी-रकान्यांचा डिस्प्ले ‘ब्लॉक’ करून टाकतात. डोळ्यांना छान दिसतं, पण असं केल्याने काही ब्राउझरांच्या लेखी तो तक्ता राहत नाही असं घडू शकतं, आणि मग स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला नुसते सुटे आकडे ऐकू येतात. कुठला आकडा कमीत कमी दराचा, हे त्याने ओळखायचं कसं? डिस्प्ले बदलायचाच असेल तर त्या घटकांना तक्त्याच्या भूमिका कोडमध्ये परत लिहून द्या आणि स्क्रीन रीडर लावून स्वतः ऐका. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. डोळे मिटून आपलंच पान ऐकणं, हे मी शिकणाऱ्या प्रत्येकाला करायला लावतो.

आणि ऊन! हे पान भर दुपारी, बाजाराच्या आवारात, ट्रॅक्टरशेजारी उभं राहून उघडलं जाणार आहे. फिकट राखाडी अक्षरं तिथे दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट निकषांप्रमाणे किमान ४.५ ला १ लागतो. या पानासाठी मी ७ ला १ च्या खाली जाणार नाही. भाव वाढला-उतरला हे नुसत्या हिरव्या-तांबड्या रंगाने सांगू नका, बाण किंवा शब्दही द्या.

मराठीबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण आपण ज्या थीम आणि फ्रेमवर्क वापरतो त्या सगळ्या रोमन अक्षरं डोळ्यापुढे ठेवून केलेल्या आहेत. त्यांत मथळ्याची ओळ-उंची अनेकदा १.२ असते. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा, रफार एकमेकांत घुसतात. मथळ्याला १.४ आणि मजकुराला १.६ ते १.८ इथून सुरुवात करा आणि मग फाँट बघून ठरवा. बटणाला ठराविक उंची देऊन बाहेरचा भाग लपवला असेल, तर ‘पूर्ण’मधला दीर्घ ऊकार आणि रफार दोन्ही कापले जातात. उंची ठरवूच नका, आतली मोकळी जागा ठरवा. इंग्रजी मथळ्यांना सुबकपणासाठी देतात तसं अक्षरांमधलं अंतर देवनागरीला दिलं, तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ते शून्यच ठेवा. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत आणि तिरपी अक्षरं बहुतेक फाँटांत खरी नसतात, ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून तिरपं करतो. त्यामुळे कशाला किती महत्त्व आहे हे वजन (अक्षराचा जाडपणा), आकार आणि मोकळी जागा यांतूनच दाखवावं लागतं. मराठीत डिझाइन करणाऱ्याची टायपोग्राफी पक्की लागते, ती यासाठी.

पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवा. ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, आणि स्क्रीन रीडरला मराठी उच्चार निवडता येतो. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे मोफत फाँट अनेक वजनांत मिळतात. पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल जड असते, म्हणून दोनच वजनं घ्या. फाँट येईपर्यंत मजकूर अदृश्य ठेवू नका, फोनमधल्या अक्षरांत तो आधी दिसू द्या.

शब्दांची लांबी हा लवचीकपणाचा खरा कस. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘महानगरपालिकेच्या’, ‘विद्यार्थ्यांसाठी’ असे शब्द कुठेही मोडता येत नाहीत. तुमच्या तक्त्याच्या एकाच रकान्यात ‘पुणे’ आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ दोन्ही येणार आहेत. डिझाइन करताना दुसरं नाव घालून करा. नमुना म्हणून लॅटिन मजकूर भरून पान सजवलंत, तर ते पान मराठीसाठी तपासलेलंच नाही असं समजा. ओळीची लांबी ‘सीएच’ या एककात ठरवायची शिफारस इंग्रजी लेखांत असते. ते एकक रोमन शून्याच्या रुंदीवर चालतं, देवनागरी ओळीत किती अक्षरं बसतील हे त्यावरून कळत नाही. आपलाच एक परिच्छेद टाका, मोठ्याने वाचा, आणि डोळा पुढची ओळ न चुकता पकडतो का बघून एममध्ये रुंदी ठरवा.

फॉर्ममध्येही हीच काळजी. मराठी कीबोर्डवरून माणूस ‘२५’ लिहितो आणि जावास्क्रिप्ट (पान चालवणारी भाषा) त्याला आकडाच मानत नाही. तिथल्या नेहमीच्या तपासणीत फक्त रोमन अंक बसतात. ‘कृपया योग्य संख्या भरा’ असं बरोबर लिहिणाऱ्याला सांगणं मला फार अपमानास्पद वाटतं. देवनागरी अंक आतल्या आत बदलून घ्या, चार ओळींचं काम आहे. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवलंत, तर आयफोन त्यावर बोट ठेवताच पान मोठं करतो आणि वापरणारा गोंधळतो.

वेगाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वाचायला भरपूर आहे. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी हललेलं दिसावं, आणि पान भरताना गोष्टी जागच्या सरकू नयेत, हे गूगलचे तीन निकष आहेत. तिसऱ्यासाठी चित्रांची रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये नेहमी लिहा. लवचीक पानात ती लिहायची नसते असा समज आहे, तो खरा नाही. त्यावरून ब्राउझर चित्राचं प्रमाण काढतो आणि आधीच जागा राखून ठेवतो. सूचना, वेळापत्रकं, भाव हे चित्र म्हणून टाकू नका. आपल्याकडे शाळा-कॉलेजांपासून कार्यालयांपर्यंत शिक्का मारलेला कागद स्कॅन करून चढवायची रीत आहे. असा कागद फोनवर वाचता येत नाही, शोधता येत नाही आणि अंध माणसासाठी तो कोरा असतो.

आता कौशल्यं. सगळ्यात वर मी मजकूर वाचता येणं ठेवतो: समोरच्या माहितीत महत्त्वाचं काय, एकमेकांशी जोडलेलं काय, वगळण्यासारखं काय. तक्त्यातले दोन रकाने आपण तसेच काढले. त्यानंतर एचटीएमएल, तेही अर्थाला धरून. मथळा तो मथळा, बटण ते बटण, यादी ती यादी. मग सीएसएस, अगदी खोलवर. घटक जागा कशी मागतो, कशी वाटून घेतो, किमान-कमाल कसं ठरतं, हे ज्याला कळतं त्याला फ्रेमवर्क बदलली तरी अडचण येत नाही. बूटस्ट्रॅप २०११ मध्ये आलं तेव्हा ग्रिड हाताशी नव्हती, म्हणून रकान्यांची ती तयार रचना मोठी सोय होती. आज शिकणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात केली की पान का मोडतं हे कळतच नाही, नुसते क्लास (तयार नियमांची नावं) बदलून बघत राहायची सवय लागते. फिग्मा ठेवा, पण त्यात ऑटो लेआउट वापरा. ते फ्लेक्सबॉक्सच्याच अंगाने विचार करायला लावतं. जावास्क्रिप्ट आवश्यक आहे, पण डिझायनर म्हणून ती चौथ्या-पाचव्या क्रमांकावर.

आणि समजावून सांगता येणं. क्लायंट साइट आपल्या महागड्या फोनवर, ऑफिसच्या वायफायवर बघतो आणि म्हणतो, पहिल्या पानावर मोठा फिरता स्लायडर हवा. त्याच्याशी चवीवरून वाद घालू नका. त्याच्या ग्राहकांकडे असतो तसा साधा फोन आणा, वायफाय बंद करा, साइट त्याच्याच हातात द्या. फोन नंबर शोधायला सांगा. दोन मिनिटांत तो स्वतःच म्हणतो की हे चित्र जरा खाली घेऊ या. लोकांना साइट वापरताना नुसतं बघणं, मधे न बोलणं, हेही शिकूनच येतं. सुरुवातीला मदत करायचा मोह आवरत नाही.

तुमच्या प्रोजेक्टवर आता असं करा. बूटस्ट्रॅप काढून टाका आणि आधी सीएसएसशिवाय पान लिहा. वरून खाली वाचलं की अर्थ लागतो का बघा. मग ३२० पिक्सेलपासून सुरुवात करून एक-एक नियम घाला आणि खिडकी रुंद करत जा. लॅपटॉपवर ४०० टक्के झूम करा. १२८० पिक्सेलच्या खिडकीत तेव्हा तुम्हाला तेच ३२० चं पान मिळायला हवं. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यात मोठं करा. प्रत्येक रकान्यात सगळ्यात लांब नाव, सगळ्यात मोठी आवक भरा. काही दिवशी आवकच नसते, तेव्हा तिथे काय दिसणार तेही ठरवा. शून्य आणि ‘माहिती आलेली नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माल गाडीत भरायचा की नाही हे त्यावर ठरतं. हे झालं की खरोखर बाजारात माल नेणाऱ्या दोघा-तिघांच्या हातात फोन द्या, आजचा जवळच्या बाजारातला दर काढायला सांगा, आणि ते कुठे अडतात ते लिहून घ्या. बूटस्ट्रॅप परत आणायचं की नाही, ते त्यानंतर बघू.